मोठे टायर, उंच गाडी आणि ड्रायव्हरची मजुरी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "टायर." ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "कामगार चळवळीवर काही बोलला असता तर..." मी म्हटले, "तेच बोलणार आहे." माझे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे शिक्षण मालट्रकात क्लीनरच्या जागेवर बसून झाले, आणि त्याच्या पुढचे सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. हिशेब मात्र चोख देईन. आकडे घरी जाऊन पुन्हा करून पाहावेत.

हर्णे बंदर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे कनकदुर्गाची टेकडी, आणि मधल्या पाण्यात नांगरलेल्या होड्या. मासळीचा लिलाव सकाळी आणि संध्याकाळी उघड्या वाळूवर होतो. होड्या उथळ पाण्यात उभ्या राहतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी किनाऱ्याला आणतात. बैलांच्या पोटाला पाणी लागते तरी बैल निमूट उभे असतात. मग बोली होते, मासळी बर्फात भरली जाते आणि पिकअप गाड्यांत चढते. तेथून दापोली, खेड, महामार्ग आणि मुंबई-पुणे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सोडली तर हा क्रम चालूच असतो.

या क्रमात एक अवघड जागा आहे. ती म्हणजे भरतीची रेघ आणि डांबरी रस्ता यांच्या मधली कोरडी वाळू. ओहोटीनंतरची ओली वाळू बरीच घट्ट असते, तिच्यावरून गाडी सहज जाते. वरची कोरडी वाळू मात्र पायाखालून सरकते. भरलेली पिकअप तिच्यात रुतली की चाक जितके फिरवावे तितके खाली जाते. आता बर्फ वितळतो आहे, भरती चढते आहे, आणि मुंबईचा व्यापारी फोनवर ओरडतो आहे. मग ट्रॅक्टर आणावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला नड ओळखून भाडे सांगतो.

अशाच दोन-तीन प्रसंगांना कंटाळून आमच्या भागातल्या एका गाडीमालकाने ठरवले की आपल्या पिकअपला मोठे टायर घालावयाचे. मालक वाईट माणूस नव्हे. कर्जाची गाडी, हप्त्याचा घोर, आणि मुलाच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या उंच गाड्यांची चित्रे. टायरच्या दुकानात त्याला सांगण्यात आले की एकतीस इंची टायर बसवा, रुंद रिम लावा, गाडी दोन इंच उचला. वाळू काय, खडकावरून जाईल. त्याने तसे केले. गाडी दिसावयास रुबाबदार झाली. मुले तिच्याजवळ उभी राहून फोटो काढू लागली.

तीन महिन्यांनी त्या गाडीचा ड्रायव्हर माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, मालक म्हणतात मी डिझेल चोरतो. महिन्याला तीन हजार कापतात." मी त्याला सरळ विचारले, "चोरतोस का?" तो म्हणाला, "मुलाची शपथ, नाही." शपथ हा पुरावा होत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळून चुकले आहे. पण मालकाच्या वहीतले आकडे खरे होते, तेही मी पाहिले. पूर्वी गाडी लिटरला बारा किलोमीटर देत असे. आता वहीत दहा निघत होते. कोणीही खोटे बोलत नाही आणि तरी डिझेल नाहीसे होते, असे हे कोडे होते. त्याचे उत्तर टायरवर छापलेले होते.

टायरच्या बाजूवर आकडे असतात. ते वाचता येणे ही आज प्रत्येक वाहनधारकाची गरज आहे. बऱ्याच पिकअपच्या टायरवर "२१५/७५ आर १५" असे असते. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी, जी मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये पुढे आणली. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिम अधिक वरची आणि खालची भिंत मिळून पुरा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर होतो. नव्या टायरवर "३१ × १०.५० आर १५" असे होते. तेथे पहिला आकडाच व्यासाचा असतो : ३१ इंच, म्हणजे ७८७ मिलिमीटर. दुसरा रुंदीचा, साडेदहा इंच. व्यास जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढला.

आता गाडीचे मीटर काय मोजते? ते रस्ता मोजत नाही, चाकाचे किंवा त्याला जोडलेल्या शाफ्टचे फेरे मोजते. लहान टायर एका फेऱ्यात सुमारे २ मीटर २१ सेंटिमीटर जातो, मोठा २ मीटर ४७. भाराने टायर दबतो तेवढा फरक सोडून द्या. एका किलोमीटरला लहान टायरचे ४५२ फेरे होतात, मोठ्याचे ४०५. मीटरला हे कोणी सांगितलेले नसते. ४५२ फेरे झाले की ते एक किलोमीटर पुढे सरकते. तोवर गाडी एक किलोमीटर आणि एकशेवीस मीटर गेलेली असते.

मी ड्रायव्हरला घेऊन दापोलीच्या रस्त्याला लागलो. किलोमीटरच्या एका दगडापाशी मीटर पाहिले, पुढचे दहा दगड मोजले आणि पुन्हा मीटर पाहिले. दगडांप्रमाणे दहा किलोमीटर झाले होते. मीटरप्रमाणे नऊसुद्धा पुरे झाले नव्हते. एवढ्यासाठी ना वकील लागला ना पोलीस.

त्या दिवशी वहीत केलेला हिशेब येथे मांडतो. एका जाण्यायेण्याच्या खेपेत मीटर ४०० किलोमीटर दाखवते. खरा प्रवास ४४८. मालक ४०० ला १२ ने भागतो आणि म्हणतो, सव्वातेहेतीस लिटर लागावयास हवे होते, लागले चाळीस; पावणेसात लिटर गेले कोठे? त्यांतले चार लिटर त्या न दिसणाऱ्या ४८ किलोमीटरांत जळले. उरलेले पावणेतीन लिटर मोठ्या टायरने स्वतः खाल्ले, कारण जड, रुंद आणि खरबरीत टायर ओढावयास इंजिनाला जास्त जोर लागतो. डिझेल नव्वद रुपये धरले तर खेपेला सहाशे रुपये होतात, आणि महिन्याला बारा खेपा. मालकाचा राग कोठून आला हे आपल्या लक्षात येईल. फक्त तो चुकीच्या माणसावर निघाला.

आणखी एक गोष्ट या हिशेबात दडलेली आहे. ज्या ड्रायव्हरांना किलोमीटरवर भत्ता मिळतो, त्यांचा भत्ताही त्याच मीटरवर ठरतो. म्हणजे मोठ्या टायरवर मीटरच्या दर शंभर किलोमीटरांमागे बारा किलोमीटर तो फुकट चालवतो. आमच्या युनियनच्या मागण्यांच्या कागदावर आजवर बोनस होता, रजा होती, टायरचा व्यास नव्हता.

इथवर पैशाची गोष्ट झाली. पण हे मीटर किलोमीटरप्रमाणे वेगही दाखवते. काटा साठवर असताना गाडी सदुसष्टने धावत असते. ड्रायव्हर नियमाने चालवतो आहे असे स्वतःला समजतो. धावत्या गाडीत साठलेला जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग बारा टक्के वाढला की जोर जवळजवळ पंचवीस टक्के वाढतो. दुसरीकडे ब्रेक तोच आहे. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ पकडतो आणि टायर रस्त्याला कडेवर लागतो. ती कड मध्यापासून जितकी लांब जाईल तितका ब्रेकचा जमिनीवरचा परिणाम घटतो. जात्याचा खुंटा मध्याजवळ बसवून दळून पाहा, म्हणजे कळेल. त्यामुळे रोखण्याची ताकद दहा टक्क्यांहून थोडी अधिक कमी झाली. दोन्ही एकत्र केले तर, भरलेली गाडी जेथे ब्रेकच्या ताकदीवरच थांबते तेथे, काट्यावर साठ दिसत असताना थांबावयास पूर्वीच्या जवळजवळ दीडपट, नेमके सांगावयाचे तर सुमारे १.४ पट अंतर लागते. पूर्वी तीस मीटरात थांबणारी गाडी बेचाळीस मीटरांवर थांबेल. मधल्या बारा मीटरांत शाळेत जाणारे पोर असू शकते. शिवाय टायर आणि रिम मिळून प्रत्येक चाक काही किलोंनी जड झालेले असते आणि फिरते वजन थांबवावयास वेगळा जोर लागतो, तो मी धरलेला नाही.

मग गाडी उंच का करावी लागते? साधे कारण आहे. टायर ८३ मिलिमीटरने वाढला म्हणजे धुरा त्याच्या निम्म्याने, सुमारे ४ सेंटिमीटरने वर येते. पण टायरचा वरचा भागही तितकाच मडगार्डच्या जवळ जातो. वळताना किंवा खड्ड्यात पाटे दबले की टायर पत्र्याला घासतो. घासू नये म्हणून गाडीचा सांगाडा वर उचलतात. ते करण्याच्या रीती अनेक आहेत. पाट्यांच्या जुडग्यात एक पाटा वाढवणे, शॅकल लांब करणे, धुरा आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळणे. शेवटची रीत सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत जास्त चालते. मागच्या धुरेवर कारखान्यातसुद्धा ठोकळे बसवतात. पुढच्या धुरेवर बसवलेला ठोकळा मात्र ब्रेकच्या झटक्याने सरकला तर स्टीअरिंगसह सगळेच जाते. असे काम करून देणाऱ्याला मी तरी फिटर म्हणणार नाही.

गाडी उचलली की तिच्या पोटातल्या सगळ्या जोडण्यांचे कोन बदलतात. प्रोपेलर शाफ्ट अधिक तिरपा होतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. चाक खाली लोंबले की ती तुटू शकते. स्टीअरिंगचा दांडा तिरका झाल्यामुळे खड्ड्यात चाक वरखाली होताच गाडी आपोआप बाजूला ओढते. रुंद रिममुळे चाक मडगार्डच्या बाहेर येते आणि बेअरिंगवर तिरपा भार पडतो. गिअरचे म्हणाल तर, चाक मोठे होणे म्हणजे प्रत्येक गिअर बारा टक्क्यांनी "उंच" होणे. चढावर गाडी उचलत नाही, ड्रायव्हर क्लच अर्धा धरून ठेवतो आणि प्लेट जळते. मग मालक पुन्हा ड्रायव्हरलाच म्हणतो, तुला क्लच वापरता येत नाही. यावर उपाय आहे, क्राउन-पिनियनचा जोड बदलणे. पण तो खर्च दुकानदार पहिल्या दिवशी कधी सांगत नाही.

आणि तोल. कशेडी घाटातून रात्री भरली गाडी नेणाऱ्याला तोल म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. गाडी वळणावर उलटते की नाही हे दोन अंतरांवर ठरते : दोन चाकांमधले निम्मे अंतर, आणि वजनाच्या मध्याची जमिनीपासून उंची. उदाहरणासाठी निम्मे अंतर ७० सेंटिमीटर आणि उंची ९५ धरा. गाडी टायरने आणि ठोकळ्याने मिळून ९-१० सेंटिमीटर वर गेली की उंची १०५ होते आणि उलटण्याला होणारा विरोध एक-दशांशाने घटतो. रुंद रिममुळे थोडे अंतर वाढते हे खरे, पण ते बेअरिंगच्या जिवावर. त्यात क्रेटांतला बर्फ वितळून भार सरकलेला, आणि काटा साठवर असताना वेग सदुसष्ट.

आता ज्या वाळूसाठी हे सगळे केले तिच्याकडे वळू. माझ्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे. मोठा टायर वाळूवर तरतो ही समजूत अर्धीच खरी आहे. गाडी रबरावर उभी नसते, रबरात कोंडलेल्या हवेवर उभी असते. स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. ते विसरले गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ते पुन्हा शोधले. तेव्हापासून गणित एकच आहे. चाकावरचे वजन भागिले हवेचा दाब, म्हणजे साधारणपणे जमिनीला टेकलेली जागा. एका चाकावर ६०० किलो वजन आहे आणि हवा ६० पौंड आहे, तर टेकलेली जागा सुमारे १४२ चौरस सेंटिमीटर. म्हणजे आपला पंजा. भरलेली पिकअप चार पंजांवर उभी असते! हवा २० पौंड केली की जागा तिप्पट होते, ४२७ चौरस सेंटिमीटर. आणि गंमत अशी की टायर एकतीस इंची घातला पण हवा साठच ठेवली, तर टेकलेली जागा जवळजवळ तेवढीच राहते. आकार थोडा बदलतो, इतकेच. आमच्या मालकाने नेमके हेच केले होते. मोठे टायर घातले आणि हवा टणटणीत भरली. त्यामुळे नवी गाडीही वाळूत रुतली; फक्त अधिक रुबाबात रुतली.

मोठ्या टायरचा खरा गुण दुसरा आहे. त्याच्या भिंती उंच असल्यामुळे तो कमी हवेवर चालू शकतो, आणि मोठा व्यास अडथळ्यावर सहज चढतो. जुनी बैलगाडी पाहा. तिचे लाकडी चाक छातीएवढे का असे? दगड आणि खड्डा ओलांडता यावा म्हणून. त्याची लोखंडी धाव मात्र अरुंद. कोरड्या वाळूत ती सुरीसारखी घुसते. म्हणून गाडीवान ओल्या वाळूची वाट सोडत नाही. हे शहाणपण मोटारवाल्याने विकत घेण्याऐवजी पाहून घेतले असते तर बरे झाले असते.

हवेचे हे गणित ज्याने वाळवंटात कसाला लावले तो राल्फ बॅगनोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी. १९२० नंतरच्या दशकात तो आणि त्याचे सोबती फोर्ड मोटारी घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळूत शिरले. हवा कमी करावयाची, रुतले तर चाकाखाली पत्र्याच्या पन्हळी घालावयाच्या, अशा रीती त्यांनी बसवल्या. १९४० मध्ये त्याच अनुभवावर त्याने वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे सैनिकी पथक उभारले, आणि १९४१ मध्ये वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या शास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही प्रमाण मानतात. आइसलँडमधले लोक अठ्ठेचाळीस नाही तरी अडतीस-चव्वेचाळीस इंची टायर घालून बर्फावरून जातात, पण तेथे ते हवा दोन-तीन पौंडांवर आणतात.

अमेरिकेतल्या ज्या गाडीची चित्रे आमच्या मालकाच्या मुलाने पाहिली, त्या जातीची आद्य गाडी म्हणजे मिसुरी राज्यातल्या बॉब चँडलर यांची "बिगफूट". मुळात ती १९७४ ची फोर्ड पिकअप. १९८१ मध्ये तिने जुन्या मोटारी चिरडून दाखवल्या आणि तमाशा जगभर गेला. पुढे तिला ६६ इंची टायर लागले. ते शेतात खत पसरणाऱ्या यंत्राचे होते. यंत्र सावकाश चालते, मऊ मातीत बुडू नये म्हणून ते टायर केलेले. ते पेलावयास चँडलर यांना लष्करी ट्रकच्या धुरा घालाव्या लागल्या. चित्रात टायर दिसतो, धुरा दिसत नाही.

वजनाविषयीही एक भ्रम आहे. टायर मोठा म्हणजे भार जास्त उचलणार, असे नाही. टायरवर मापानंतर एक आकडा असतो : १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, १०४ ला ९००, १०८ ला १,०००, ११२ ला १,१२०. पिकअपचा लहान टायर मालवाहू जातीचा असतो. दिखाऊ मोठा टायर मोटारीच्या जातीचा निघाला तर तो कमी भार घेतो. आणखी एक चार अंकी खूण असते, उदाहरणार्थ ३२२४. ती २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्याची. "नवा" म्हणून विकलेला टायर किती वर्षे गोदामात पडला होता ते तिच्यावरून कळते. झिजीची मर्यादा चारचाकीला १.६ मिलिमीटर आहे. नक्षी त्याहून उथळ झाली की टायर कायद्याने बाद.

कायद्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम म्हणते की कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळमधून गेलेल्या एका खटल्यात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-ए अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, सांगते. मालकाला, हे लक्षात घ्यावे. पण नाक्यावर गाडी अडवली जाते तेव्हा मालक घरी झोपलेला असतो आणि खिडकीशी ड्रायव्हर असतो. पावती त्याच्या हातात पडते, आणि ती त्याच्या पगारातून जाणार नाही याची खात्री मला अजून कोणी दिलेली नाही. अपघात झाला तर विमा कंपनी बदललेल्या गाडीचा दावा नाकारावयास मोकळी होते, ते वेगळेच.

येथे आम्हां युनियनवाल्यांची एक जुनी अडचण सांगितली पाहिजे. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा चांगला होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. एका पिकअपचा मालक आणि त्याचा एक ड्रायव्हर, ही आमच्या किनाऱ्यावरची नेहमीची जोडी, त्याच्या बाहेरच राहिली. म्हणून अशा तंट्यात मला कलम दाखवून चालत नाही, दगड मोजावे लागतात.

मालकाच्या घरी ओटीवर आम्ही तिघे बसलो. मी वही पुढे केली. मालकाने पहिल्यांदा मान हलवली, मग स्वतः गाडी काढली आणि दगड मोजून आला. परत आल्यावर बराच वेळ बोलला नाही. वहिनींनी चहा आणला. मग म्हणाला, "मग वाळूत गाडी न्यायची कशी?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय आमची बाजू पुरी झाली नसती.

उत्तर असे ठरले. मूळ मापाचेच टायर. वाळूत उतरण्यापूर्वी हवा कमी करावयाची. रिकाम्या किंवा अर्ध्या भरल्या गाडीला वीस-पंचवीस पौंडांपर्यंत. पूर्ण भार वाळूवर चढवावयाचा नाही. निम्मे क्रेट वाळूवर, उरलेले रस्त्याच्या कडेला. कमी हवेवर गाडी चालण्याच्या वेगाने न्यावयाची, जोराने वळवावयाची नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. चाक फिरू लागले की थांबावयाचे, पाय दाबावयाचा नाही. दोन फळ्या आणि फावडे गाडीत. आणि डांबरावर येताच, चहासुद्धा न पिता, हवा पूर्ववत भरावयाची. कमी हवेचा टायर भरल्या वेगात तापतो आणि फुटतो. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप मिळतो, त्याची किंमत ट्रॅक्टरच्या थोड्याच फेऱ्यांएवढी. भरतीचे वेळापत्रक ड्रायव्हरच्या समोर चिकटवलेले. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणे, कारण खारे पाणी ब्रेकला आणि बेअरिंगला खाते. यात मोठे शास्त्र नाही. गाडीवानाला यांतले निम्मे आधीच ठाऊक होते.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले, ते येथे जोडतो. एका तरुणाने विचारले, मोठे टायर मुळी घालूच नयेत का? कारखान्याने त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला जे माप दिले असेल ते घालावे. जाणते फिटर व्यासात तीन टक्क्यांपलीकडे जात नाहीत. त्या मापात उचलण्याचीही गरज पडत नाही. दुसऱ्या गृहस्थांनी विचारले, मीटर दुरुस्त करून घेतले तर? किलोमीटरांचा तंटा मिटेल; ब्रेकचा, गिअरचा आणि तोलाचा राहील.

एका भगिनींनी विचारले, ड्रायव्हरचे पैसे मिळाले का? तीन महिन्यांचे नऊ हजार कापले होते. मालकाने ते तीन हप्त्यांत देण्याचे कबूल केले. दोन मिळाले आहेत. तिसरा नारळी पौर्णिमेनंतर, हंगाम सुरू झाला की देतो म्हणाला आहे.